पानाबहाद्दरांस अनावृत पत्र

श्री. पानाबहाद्दर, मु. ऊर्जानगर, यांसी सप्रेम नमस्कार, वि. वि.

पेंटबॉलच्या हवेच्या टाकीचा व्हॉल्व्ह फुसफुसू लागताच पानाबहाद्दरांनी ती मांडीत धरून मानेला पाना लावला, ही वार्ता कॉलनीभर झाली. अभिनंदन! चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रालाही एवढी निर्भयता जमलेली नाही.

केंद्राच्या 500 मेगावॉटच्या संचात वाफेचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण 170 किलो. मांडीवरच्या टाकीत, ती 3,000 पीएसआयपर्यंत भरलेली असेल तर, 210 किलो. 4,500 ची असेल तर 316. तिकडे लाईन उघडायची तर आधी परमिट, मग दाब उतरवणे. मांडीला परमिट लागत नाही, हे खरेच.

टाकीत दाब असताना मानेतला रेग्युलेटर आट्यांतून सुटला, की तो गोळीसारखा उडतो. अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडच्या पेंटबॉल टाक्या व्हॉल्व्ह निखळून अशाच उडाल्या, माणसे मेली.

भित्री माणसे काय करतात, तेही कळवतो. ती टाकी मोकळ्यावर, सावलीत नेतात, आपले तोंड तिच्यापासून लांब ठेवतात आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. बंदुकीला जोडल्यावरच, जोडाच्या तोंडाशी बुडबुडे आले तर बहुधा ओ-रिंग झिजलेली असते. टाकी काढून काही रुपयांची रिंग बदलली की भागते. मात्र मान, गेज किंवा बर्स्ट डिस्कपाशी (जादा दाबाला फुटणाऱ्या सुरक्षा चकतीपाशी) बुडबुडे दिसले तर पाना लावायचाच नाही. टाकी आपोआप रिकामी होऊ द्यायची आणि काटा शून्यावर आला तरी जाणकार मेकॅनिककडेच सोपवायची. भरायच्या निपलमध्ये तेल? तेल आणि उच्च दाबाची हवा एकत्र आली की पेट घेऊ शकते. डिस्कच्या जागी बोल्ट ठोकणाऱ्यांना तर थेट शौर्यपदक द्यावे.

वैशाखात चंद्रपूरचा पारा 47 अंशांवर जातो. 25 अंशांना भरलेल्या हवेचा दाब तेवढ्यानेच सात टक्के चढतो. कार्बन डायऑक्साइड तर 31 अंशांपुढे द्रव राहतच नाही. भरलेल्या टाकीत त्याचा दाब झपाट्याने वाढतो. उन्हातली बंद गाडी ही टाकी ठेवायची जागा नव्हे.

गॅस सिलिंडरचे 2016 चे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे. तेव्हा टाकीवर नोंदलेली चाचणीची तारीख एकदा वाचावी. मुदत उलटली असेल तर हवा भरू नये. आणि पाना तूर्त शेजारी जमा करावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.
खिडक्या लावून बसलेले शेजारी