वाघ दिसला तर?

भावोजींना स्वतःच्या स्कूटरचा नंबर खाली जाऊन वाचून यावा लागतो. पण सोनीच्या झेडव्ही-ई१० ला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, कॅननच्या आर५० ला आहे, आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन दोघांनाही नाही, हे ते गाढ झोपेतून उठवलं तरी सांगतील. यातला एकही कॅमेरा त्यांच्याकडे नाही. तिसराही नाही. भावोजी कॅमेरा ‘बघताहेत’.

सुरुवात साधी होती. ताई रेसिपीचे व्हिडिओ करायला लागली, भाचीचा भरतनाट्यमचा क्लास सुरू झाला आणि भावोजी म्हणाले, “एक बरा कॅमेरा घेऊ. नवशिक्याला झेपेल असा.” तेव्हा ते खरोखर नवशिके होते. मग त्यांनी अभ्यास सुरू केला आणि तिथे घात झाला.

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ सारखी किट लेन्स मिळते. घर, माणसं, देवळं, समुद्र, सगळं तिच्यात मावतं. भावोजींनी मात्र पहिलाच प्रश्न टाकला, “आणि ताडोब्यात वाघ दिसला तर?” वाघाला ५५ मिलिमीटर पुरत नाहीत. ४०० तरी हवेत, ६०० असले तर उत्तम. सोसायटीच्या गेटवर भटकं कुत्रं बसलं असेल तर भावोजी मागच्या फाटकाने येतात. पण लेन्सच्या बाबतीत त्यांनी वाघाशी तडजोड केली नाही.

वाघाच्या मागोमाग आकाशगंगा आली. “हरिश्चंद्रगडावर मुक्काम पडला तर?” त्यासाठी रुंद कोनाची, एफ १.४ ची लेन्स. भावोजींच्या डोंबिवलीच्या गच्चीवरून पाण्याच्या टाक्यांमधून कसाबसा चंद्र दिसतो, आणि गड चढण्याबद्दल त्यांच्या गुडघ्यांचं मत अजून घेतलेलं नाही. मग होर्डिंग आलं. “फोटो मोठा छापायचा झाला तर?” २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी वीस बाय तेरा इंचांचा फोटो झकास छापता येतो. एवढी मोकळी भिंत त्यांच्या हॉलमध्ये नाही. जी आहे तिथे एसी लागला आहे. तरी भावोजींचा जीव ६१ मेगापिक्सेलच्या मॉडेलवर. हे सगळे पिक्सेल शेवटी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊन आकसणार आहेत, हे त्यांना कोणी सांगायचं?

सेन्सरचा विषय निघाला की त्यांच्यातला डोंबिवलीकर जागा होतो. “फुल फ्रेम छत्तीस बाय चोवीस. म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. हा तुमचा क्रॉप सेन्सर साडेतेवीस बाय साडेपंधरा, निम्मासुद्धा नाही! अरे, व्यवहार कार्पेट एरिया बघून करायचा असतो.” बिल्डरने फसवलेल्या माणसाची ती कळकळ बघून कोणाला वाद घालवत नाही.

व्हिडिओच्या परीक्षेत तर कितीतरी कॅमेरे एका सेकंदाने नापास झाले. पुष्कळ जुनी मॉडेलं २९ मिनिटं ५९ सेकंदांनी चित्रण थांबवतात. युरोपात सलग अर्धा तास चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरून त्यावर जादा जकात लावत, ती चुकवण्यासाठी कंपन्यांनी घातलेली ही मर्यादा. “मध्येच बंद पडला तर?” असं म्हणून भावोजींनी ते सगळे बाद केले. ताईचा आजवरचा सर्वांत लांब व्हिडिओ पुरणपोळीचा, चार मिनिटांचा. त्यातही पुरण शिजण्याचा वेळ तिने कापला होता.

ज्ञान मात्र अस्सल, हे मान्य करायला हवं. एकदा ताईच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकायला लागले. फोन बिघडला म्हणून ती वैतागली होती. भावोजींनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, “आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली शटर एक-पन्नासांश ठेव.” ताईने ठेवलं. पट्टे गेले. व्हिडिओ पार पडला, फोनवरच, मसाल्याच्या डब्याला टेकवून.

शेवटी मीच त्यांना बोरा बाजारात घेऊन गेलो. सीएसएमटीला उतरून पाच मिनिटांत कॅमेऱ्यांच्या दुकानात. भावोजींनी दुकानदाराची तोंडी परीक्षा घेतली: टेन-बिट, लॉग, व्ही६० कार्ड, सेन्सर तापतो का. दुकानदाराने शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि मग एकच प्रश्न विचारला.

“साहेब, काढणार काय तुम्ही?”

भावोजी गप्प. हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता.

“म्हणजे... समजा वाघ दिसला...”

“वाघाची लेन्स भाड्याने मिळते साहेब. दोन दिवस न्या, परत आणा. रोज घरात काय दिसतं ते बोला.”

भावोजींनी बराच विचार केला. घरात ताई दिसते, भाची दिसते, आमटी दिसते. त्यासाठी दुकानदाराने साधा क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, किट लेन्स आणि सोबत ५० मिलिमीटर, एफ १.८ ची स्वस्त लेन्स समोर ठेवली. म्हणाला, “उरलेल्या पैशात माइक घ्या. चित्र थोडं हललं तर लोक बघतात, आवाज फाटला की पुढे जातात.”

भावोजी हो म्हणाले आणि हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्या घेऊन बाहेर पडले. “मुंबईची दमट हवा. लेन्सला बुरशी धरते. आधी सोय, मग कॅमेरा.” सध्या त्या डब्यात ताईचे पापड आहेत आणि भर जुलैतही कडकडीत आहेत.

घरी आल्यावर त्यांनी थेट दादासाहेब फाळक्यांची साक्ष काढली. “विम्याची पॉलिसी गहाण टाकली त्यांनी! अशी गोष्ट विचार करून घ्यायची असते.” उदाहरण चुकीचं पडलं. फाळके १९१२ साली लंडनला गेले, तिथल्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाचा सल्ला घेतला, विल्यमसनचा कॅमेरा घेतला आणि काही आठवड्यांत परत आले. मग कुंडीत मटार पेरला, त्याचा वेल रोज थोडाथोडा टिपला आणि ती वाढ दाखवून भांडवल उभं केलं. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. ताईला हे सगळं भावोजींकडूनच पाठ झालेलं. ती कढईतून मान वर न काढता म्हणाली, “त्यांना मटार चालला हो. तुम्हाला पहिल्याच दिवशी वाघ पाहिजे.”

तुम्हीही कॅमेरा ‘बघत’ असाल, तर यादी बाजूला ठेवा आणि फोनमधले गेल्या वर्षाचे फोटो चाळा. मुलं, सण, स्वयंपाक असेल तर बोरा बाजारवाल्याचा सल्ला पुरेसा आहे. व्हिडिओच जास्त असतील तर वळणारा स्क्रीन आणि माइक जोडायची सोय तेवढी तपासा, एक जादा बॅटरी घ्या आणि मॉडेलांची तुलना त्याच दिवशी थांबवा. आणि त्या फोटोंत खरोखरच वाघ निघाले, तर तुम्हाला कोणाच्या सल्ल्याची गरज नाही. फक्त आमच्या भावोजींना हे कळू देऊ नका.