साहेब, उतरू नका!

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात शिरली की पोरं मागे धावायची. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजार परिसरात हा विकास आता ग्रामसेवकाच्या दुचाकीवरून येतो. डिक्कीत शिक्के, पाठीला लॅपटॉप आणि खिशात सदा वाजणारा फोन. २०२४मध्ये सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून त्याला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं. हुद्दा वाढला, दुचाकी तीच राहिली.

त्याचा खरा छळ ग्रामसभेच्या दिवशी होतो.

कोरमसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. दहाची सभा साडेअकराला भरते. आधी येतात ते घरकुलाच्या यादीत नाव नसलेले, मग मागच्या निवडणुकीत पडलेले. बाकीचे दारातूनच विचारतात, “सही कुठं करू?” कोरम न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. हा नियम करणाऱ्याने एकदा तरी सतरंजीवर बसून गावाची वाट पाहिली असणार.

गाव मुकं आहे असं मात्र कुणी समजू नये. सभा तहकूब झाली की तेच गाव हॉटेलात आलूबोंड्याच्या प्लेटवर नालीपासून दिल्लीपर्यंतचा सगळा आराखडा मांडतं. मुरलेला अधिकारी म्हणूनच आधी हॉटेलात बसतो. चहा सांगतो, कान उघडे ठेवतो आणि निघताना बिलाच्या मागे चार कामं टिपून घेतो.

‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम आल्यापासून तर आराखडा गावानेच करायचा आहे. त्यासाठी प्रभातफेरी, शिवारफेरी, महिला सभा असा सगळा थाट असतो. पुढाऱ्यांच्या मागण्या पाठ असतात: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. मग २०२१-२६च्या पंधराव्या वित्त आयोगाचं गणित समजावताना साहेबांच्या घशाला कोरड पडायची. निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे निम्मा पाण्यासाठी अन् निम्मा स्वच्छतेसाठी; उरलेल्या ४० टक्क्यांत काय ते मागा.

“म्हंजे पैसाही बांधेल, अन तुमीही बांधेल!” मागून कुणीतरी निकाल द्यायचं.

फेरीत साहेब गावाचा नकाशा उलगडतात, तेव्हा एखादी आजी त्यांच्या हाताला धरते. “कागदात कायले पाह्यता बाप्पा, इथं पाहा.” तिच्या दारातली नाली थेट नळाच्या खड्ड्यात उतरलेली असते. पाणी आणि स्वच्छता, दोन्ही बंधित विषय एकाच खड्ड्यात! आराखड्यातलं पहिलं काम तिथेच ठरतं, ठराव मागाहून लिहिला जातो.

डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि या भागातून नागपूर हाकेवर आलं. वाशीम २०१८पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आहे. आजीची आकांक्षा मात्र दारासमोरच्या दहा-बारा पावलांच्या नालीपुरती आहे आणि ती बैठकीला आलेल्या प्रत्येक साहेबाला ऐकवायला ती विसरत नाही.

नाली झाली, तरी साहेब सुटत नाहीत. पोर्टलवर फोटो चढवायचा असतो आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. अशा वेळी ते पाण्याच्या टाकीची शिडी चढतात. साहेब टाकीवर दिसले की गल्लीगल्लीतून माणसं निघतात. कुणी म्हणतं गळती पाहायला चढले, कुणी म्हणतं उपोषणाला बसले. बघता बघता खाली शंभराच्या वर गाव जमतं. जो तो आपली तक्रार वर ओरडून सांगू लागतो. एवढ्या गर्दीतून शिपाई हात हलवत पुढे येतो.

“साहेब, उतरू नका! मी रजिस्टर घेऊन येतो!”