साडेतीन फूट जास्त

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच झोपायचं, गाडीतच शिजवायचं, गाडीतच आंघोळ उरकायची आणि हॉटेल नसलेल्या डोंगरात मुक्काम ठोकायचा, अशी ती कल्पना. एवढ्याशा जागेत अख्खा संसार मांडणाऱ्या माणसाला सरकार पर्यटक म्हणतं, हे वाचून आमच्या लालबागच्या चाळीत समाधान पसरलं. या हिशेबाने आमच्या तीन पिढ्या पर्यटनच करत होत्या. फक्त गाडी जागची हलली नव्हती.

ती हलवली माझ्या भाच्याने. तो हिंजवडीला असतो. शनिवार-रविवार निसर्गात न घालवता सोमवारी ऑफिसात तोंड कसं दाखवायचं, ही तिथली मोठी अडचण. ‘मामा, आरव्ही बुक केलीय. भंडारदरा. नेटवर्क नाही, आवाज नाही, माणसं नाहीत,’ असं तो फोनवर म्हणाला. एका रात्रीचं भाडं ऐकून मी खाली बसलो. आमच्या खोलीचं पगडीचं भाडं अजून तीन आकडी आहे.

गाडी चाळीखाली लागली तशा आत चढून बघणाऱ्यांची एक आणि खालून बघणाऱ्यांची एक अशा दोन रांगा आपोआप लागल्या. लालबागला रांगेचं शिक्षण द्यावं लागत नाही. एवढ्यात शेजारचे तात्या टेप घेऊन उतरले. तात्या गिरणीत साचेखात्यात होते. १९८२च्या संपात नोकरी सुटली, पण वार मोजायची सवय काही सुटली नाही. गाडी आतून एकोणीस फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद भरली. तात्यांनी डोळे मिटून गुणाकार केला.

‘आपली खोली दहा बाय बारा. म्हणजे एकशेवीस. ही एकशे साडेतेवीस. साडेतीन फूट जास्त आहे की रे! बिल्डर इतकी वर्षं चकरा मारतोय, त्याने एवढेसुद्धा वाढवून दिले नाहीत.’

आणि वाढीव क्षेत्रफळाचा ताबा घ्यायला तात्या आमच्याबरोबर निघाले. आई, मी, ही, भाचा आणि तात्या. ‘मामा, बर्थ चारच आहेत,’ भाचा कुजबुजला. ‘तुझ्या आईच्या लग्नात आपल्या खोलीत बावीस माणसं झोपली होती,’ आईने विषय संपवला.

कसारा घाट चढून, घोटीला आत वळून बारी गाव आलं आणि कळसूबाई दिसली. आईने हात जोडले. भाच्याने माहिती पुरवली, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. तात्यांनी लगेच त्याचे मजले केले. साधारण साडेपाचशे. ‘लिफ्ट नसेल तर कोण घेणार?’ म्हणाले.

पुढे विल्सन धरण लागलं. साहेबाने प्रवरा नदी अडवून १९२६ साली ते पुरं केलं, खाली नगर जिल्ह्यातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. धरणामागचा तो आर्थर तलाव. मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्याही त्याच दशकात. धरणाला मध्यंतरी भेगा गेल्या आणि मागून आधार देऊन ते मजबूत करावं लागलं, हे कळल्यावर तात्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. ‘टेकू लावलेत? म्हणजे ही पण सेसची बिल्डिंग!’

शेंडी गावाच्या पुढे, तलावाकाठी एका गाववाल्याच्या माळावर आम्ही गाडी लावली. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं रान. आम्ही डिसेंबरात गेलो म्हणून माळ जवळजवळ रिकामा होता. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा मोसम असतो. तेव्हा हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात आणि ती बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. त्यात वर हेडलाइटचा झोत पडला की बोलणी फिसकटतात. चाळीत ज्यांची लग्नं गॅलरीतल्या दिव्याखाली ठरता ठरता राहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गाडीची तपासणी आईने केली. ओट्यापासून दोन हातांवरचं एक दार उघडून तिने आत पाहिलं आणि दार परत लावलं. ‘आम्ही चाळीच्या टोकाला ठेवलं होतं ते यांनी चुलीजवळ आणून बसवलंय, आणि म्हणे सोय!’ त्या कोठडीत तिने बॅगा, चपला आणि छत्र्या कोंबल्या. जन्मात पहिल्यांदा घराला अडगळीची खोली मिळाली म्हणून ती खूश झाली. माळाच्या कडेला मालकाने तंबूवाल्यांसाठी दोन संडास बांधले होते. सकाळी आम्ही बालदी घेऊन तिथे रांगेत उभे राहिलो, तेव्हा कुठे मला सुट्टीवर आल्यासारखं वाटलं.

नळाला दिवसभर पाणी असतं, हे मालकाने रात्रीच सांगितलं होतं. पण या वाक्यावर मुंबईच्या बाईचा विश्वास बसत नाही. आई पहाटे चारला उठली. गाडीची टाकी भरली. मग कुकर, पातेली, थर्मास. भाचा उठला तेव्हा ओट्यावर कप ओळीने मांडलेले होते आणि सहाही कप काठोकाठ पाण्याने भरलेले होते. चहासाठी एक कप रिकामा करायला त्याने आईची रीतसर परवानगी घेतली.

खरी परीक्षा झाली ती आदल्या रात्री. नऊला सगळीकडे मिट्ट काळोख. ‘ऐका,’ भाचा म्हणाला, ‘शांतता.’ आम्ही ऐकली. करी रोडची लोकल नाही, पुलावरून जाणारे ट्रक नाहीत, खालच्या मजल्यावरची मालिका नाही. दहा मिनिटांनी ही अंथरुणात उठून बसली. ‘अहो, काहीतरी बंद पडलंय का?’ आईनेही कूस बदलली. झोपले एकटे तात्या. साचेखात्याने त्यांचे कान अर्धे नेलेत. उरलेल्या अर्ध्याला रातकिडे दुसऱ्या पाळीच्या साच्यांसारखे वाटले म्हणे, आणि पाळी दुसऱ्याची असली की माणसाला झोप छान लागते.

पलीकडे आणखी एक गाडी होती. त्यात एक तरुण जोडपं. लोअर परळला, गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये अडतिसाव्या मजल्यावर राहणारं. पहिल्या संध्याकाळी नवरा येऊन फार सभ्यपणे म्हणाला, ‘आम्ही इथे शांततेसाठी आलोय.’ तात्यांनी त्याला टॉवरचं नाव विचारलं, मागची गल्ली विचारली, आणि म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही आमच्या साचेखात्याच्या वर राहता की!’ तुमच्या मजल्यावर आणखी कोण असतं, याचं उत्तर मात्र त्याला देता आलं नाही. दोन दारं आहेत, एवढं ठाऊक होतं.

सकाळी त्याची बायको लायटर मागायला आली. लायटरबरोबर आईने पोह्यांची बशी दिली. बशी रिकामी परत करायची नसते, म्हणून ती बिस्किटं घेऊन आली. दुपारी मालकाच्या घरून नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आला, तेव्हा ती आमच्या पायरीवर बसून लसूण सोलत सासूचं सांगत होती. दोन्ही गाड्यांमध्ये दोरी बांधली गेली आणि तिच्यावर दोन्ही घरचे टॉवेल वाळू लागले. रात्री आमच्या गाडीत मेंढीकोट रंगला. बारा वाजता सर्वांत मोठा आवाज कुणाचा होता, तर शांततेसाठी आलेल्या गृहस्थाचा. त्या रात्री हिला आणि आईला गाढ झोप लागली.

एकशेवीस फुटांत माणूस आयुष्य काढू शकतो. फक्त भिंतीला कान लावणारं पलीकडे कुणीतरी लागतं. कॅरॅव्हॅनवाले सगळं देतात. पलंग घडीचा, टेबल घडीचं, ओटा घडीचा. शेजारी तेवढा पॅकेजमध्ये नसतो.

तेव्हा वाचकहो, डोंगरात जरूर जा. हॉर्न वाजवू नका, कचरा परत आणा, पाणी पहाटेच भरून घ्या. आणि गाडी चार बर्थची असली तरी शेजारचं एक माणूस बरोबर न्याच. टॉवरमध्ये राहत असाल, तर निघण्याआधी त्याचं नाव तेवढं विचारून ठेवा.