उजेडाच्या कळफलकाविषयी निर्णयपद्धती

गेमिंग लॅपटॉपचा अंधारा कळफलक काढून त्या जागी उजेडाचा, म्हणजे दुकानी भाषेतला ‘लाइटवाला कीबोर्ड’, बसवावा की नाही, हा प्रश्न वरवर खर्चाचा दिसत असला तरी मुळात तो अधिकारभेदाचा आहे, आणि म्हणून जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीने प्रथम अधिकारी कोण हे ठरवणे इष्ट होय. ज्याला खेळताना कळांकडे पाहावे लागते तो उजेडाचा खरा गरजू. परंतु कळ सापडेपर्यंत शत्रूने त्याचा निकाल लावलेला असल्यामुळे उजेड असूनही त्याचे फारसे भले होत नाही. ज्याला पाहावे लागत नाही, त्याची डाव्या हाताची बोटे डब्ल्यू, ए, एस आणि डी या पुढे, डावीकडे, मागे व उजवीकडे नेणाऱ्या चार कळांवर ठाण मांडून बसलेली असतात, त्यामुळे ज्या कळा दिसाव्यात म्हणून पैसे मोजायचे त्या त्याच्याच बोटांखाली झाकल्या जातात. एवढे असूनही असे कळफलक खपतात, यावरून त्यांचे प्रयोजन अन्यत्र शोधले पाहिजे.

ते प्रयोजन म्हणजे शोभा. आरजीबी या संज्ञेने लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या सूक्ष्म दिव्यांचा समूह अभिप्रेत असून, प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या धरल्या तर एकूण 1,67,77,216 छटा संभवतात. यांतील लाल व हिरवा दिवा पुष्कळ आधी साधला होता, मात्र प्रखर निळ्या दिव्यासाठी 1990चे दशक उजाडावे लागले, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तपश्चर्येचे फळ आज होस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता इंद्रधनुष्याच्या लाटेच्या रूपाने भिंतीवर हेलकावे खाते व शेजारच्या खाटेवरील सहाध्यायी पांघरूण डोक्यावरून ओढतो, हे येथे केवळ नोंदवून पुढे जाणे बरे. संपूर्ण फलक एकाच रंगात उजळणारा, चार पट्ट्यांत उजळणारा आणि प्रत्येक कळेला स्वतंत्र दिवा असणारा, असे उजेडाच्या कळफलकाचे तीन प्रकार मानतात. किंमत साधारण त्याच क्रमाने चढते, उपयुक्तता चढतेच असे नाही.

खरी परीक्षा लॅपटॉप उघडल्यावर होते. कळफलकातून एक रुंद, चपटी पट्टी, जिला रिबन केबल म्हणतात, मदरबोर्डकडे जाते आणि ती कळांचे संदेश वाहते. दिव्यांना वीज पुरवणारी दुसरी, अरुंद पट्टी बहुधा वेगळी असते व तिला मदरबोर्डवर स्वतःची खाच लागते. बिनदिव्याच्या नमुन्यात निर्माता कधीकधी ही खाच बसवतच नाही, तिची जागा मात्र तांबूस ठिपक्यांच्या ओळीने तशीच मोकळी दिसते. अशा यंत्रावर उजेडाचा कळफलक बसवल्यास तो टंकनाचे काम चोख करतो आणि कायमचा अंधारात राहतो. शिवाय कित्येक लॅपटॉपांत कळफलक स्क्रूंनी बसवलेला नसून वरच्या आवरणाला प्लास्टिकच्या बारीक खुंट्या वितळवून जखडलेला असतो. त्या खुंट्या एकेक करून खरवडायच्या आणि नवा फलक पुन्हा तापल्या टोकाने चिकटवायचा, किंवा सरळ आख्खे आवरणच बदलायचे, असे दोनच मार्ग उरतात. पहिल्या मार्गाने गेलेल्यांचा स्पेसबार पुढे मधोमध किंचित उचलला जाऊ शकतो. म्हणून इच्छुकाने रंगांचा विचार करण्यापूर्वी आपल्या नमुन्याचा नेमका क्रमांक, जो बहुधा लॅपटॉपच्या पोटावरील लेबलावर असतो, कारागिराला दाखवून खाचेची खात्री करून घ्यावी. बहुतेकांचा उत्साह याच पायरीवर ओसरतो, आणि तोही एक निर्णयच होय.

विजेची चिंता मात्र करू नये, कारण दोनशे वॅटचा अडॅप्टर गिळणाऱ्या यंत्रात या दिव्यांचा वाटा लग्नाच्या पंगतीतल्या मिठाएवढाच असतो.

मराठी टंकनाची बाब मात्र स्वतंत्र आहे. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत डब्ल्यू, ए, एस व डी यांच्या जागी अनुक्रमे ऐकाराची, ओकाराची व एकाराची मात्रा आणि पायमोडीचे हलन्तचिन्ह येते, म्हणजे जेथे खेळाडूचा सारा पराक्रम एकवटतो तेथे शिफ्ट न दाबता मराठीचे एकही पूर्ण अक्षर उमटत नाही. या खुणा शिकेपर्यंत कळांवर देवनागरी स्टिकर चिकटवण्याची प्रथा आहे. साधे स्टिकर अपारदर्शक असल्याने त्यांच्याखालचा प्रकाश वर न येता कडांवरून तेवढा फुटतो आणि प्रत्येक कळेभोवती तेजाची चौकट उमटून आतले अक्षर काळे राहते. अशा वेळी टेबलावरचा दिवा लावतात, आणि तो बहुधा आधीपासून घरात असतो.