टेकडीवरची चेरी

“ऐकलंत का वहिनी? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंनी स्टेटसला काय टाकलंय? ‘आमच्या वेताळ टेकडीवर चेरी ब्लॉसम!’ खाली बदामांचा नुसता पाऊस.”

“मग? गुलाबी फुलं होती की फोटोत.”

“अहो, कसली चेरी नि कसलं काय! उंदीरमारी ती. गिरिपुष्प म्हणतात. बोडकी टेकडी लवकर हिरवी दिसावी म्हणून वनखात्यानं लावलेली. माहेर मध्य अमेरिकेत. पण आली ती अख्खं घरच ताब्यात घेऊन बसली. तिच्या पायाशी दुसरं काही धड वाढत नाही, पाखरंही तिथं कमीच दिसतात. आणि कौतुक सगळं हिचं!”

“तुम्ही तर भाडेकरूबद्दल बोलावं तसं बोलताय.”

“बोलणारच. घरचे राहिले बाजूला. वर जाताना खडकाळ उतारावर गणेर बघा कधी. अंगावर पान नाही, पण फांदीच्या टोकाला ही तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. आत केशरी पुंकेसरांचा झुबका आणि त्यात डोकं खुपसून बसलेला काळा भुंगा. परवा मी जवळ जाऊन उभी राहिले, तरी हलेना मेला! पलीकडे सालई, तिची साल कागदासारखी सुटते, डिंकाला धुपाचा वास. त्यांच्यासमोर कोणी मोबाईल काढत नाही.”

“माझे गुडघे चढू देतील का पण?”

“न द्यायला काय झालं! आमचे हे सोसायटीभर सांगत फिरतात, ‘मी रोज 800 मीटर उंची गाठतो.’ अहो, पुणंच मुळी 560 मीटरवर बसलंय. ह्यांनी चढायचं उरलं किती? त्यातही वरच्या वेताळाच्या देवळापाशी पोचले की अर्धा तास कट्टा. समोर सिंहगड दिसतो, दूरदर्शनच्या मनोऱ्यासकट, इकडे पाषाणचा तलाव. पण ह्यांची नजर कोणाच्या डब्यात काय आहे त्यावर.”

“आणि टेकडीवरून काढणार होते त्या रस्त्याचं काय झालं हो?”

“बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा ना? 2023 साली टेकडी वाचवायला मोर्चा निघाला, तेव्हा आपल्या गल्लीतले एक सद्गृहस्थ फलक धरून पुढे. एरवी हेच पायथ्याशी गाडी आडवी लावून सगळ्यांची वाट अडवतात. आले ते बरंच केलं म्हणा. डोकी मोजली जातात तेव्हा स्वभाव कोण बघतो!”

“उद्या येऊ का तुमच्याबरोबर?”

“या की! पण सहाला निघू हं, पंचवटीच्या बाजूनं. साडेसहाला ते निवृत्त साहेब गाठतात, आणि मग देवळापर्यंत त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ऐकावं लागतं. दोन्ही डोळ्यांचं.”