ठिणगीनाना

कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी नाना दाराशी थबकतात आणि दोनदा हुंगतात. यजमानीणबाईंना वाटतं, फोडणीचा वास आवडला असावा. नाना शोधत असतात मर्कॅप्टन. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात हे घाणेरडं द्रव्य मिसळतात. ते हवेत नाही अशी खात्री झाली, की नाना म्हणतात, "आता लावा दिवा." मंडळातली पोरं त्यांना ठिणगीनाना म्हणतात. नानांना ते ठाऊक आहे आणि त्यात चेष्टा असेल असं त्यांना वाटत नाही.

ठाण्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात, सुरक्षा खात्यात त्यांची उमेदवारी झाली. पुढे नोकरीनेच त्यांना इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये आणून सोडलं. निवृत्त झाल्यावर आजूबाजूचे इंग्रज करतात तेच त्यांनी केलं: कॅरव्हान घेतली. ही हौस त्या देशात जुनी आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने ब्रिस्टलमध्ये 'वाँडरर' नावाची घोड्यांची कॅरव्हान बांधून घेतली आणि देशभर हिंडला. नाना हिंडत नाहीत. ते पीक डिस्ट्रिक्टमधल्या एखाद्या साइटवर कॅरव्हान नेऊन लावतात आणि मुक्काम संपेपर्यंत तिची तपासणी करतात.

आल्या आल्या टेप निघते. दोन कॅरव्हानांमध्ये सहा मीटर अंतर हवं, आग एकीवरून दुसरीवर जाऊ नये म्हणून. शेजारी पावणेसहावर उभा असेल, तर नाना त्याला सुप्रभात म्हणायच्या आधी तो आकडा सांगतात. मग विजेच्या हुकअपची नारिंगी केबल. ती रिळावर गुंडाळलेली ठेवली तर तापते, म्हणून पुरी उलगडून गवतावर वेटोळी घालत पसरायची. एवढं होईपर्यंत माईंचा चहा उकळून, गाळून, गार झालेला असतो.

पण हे सगळं सोवळं नेसण्यापुरतं. खरा देव पुढच्या बाजूच्या कप्प्यात बसलेला: सहा किलोचा, तांबड्या रंगाचा प्रोपेनचा सिलिंडर. निळा ब्यूटेनचा नाही. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच सोडून देतो. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत होतो. पीक डिस्ट्रिक्टमध्ये उणे बेचाळीस कधी झालं होतं, असं एकदा त्यांच्या जावयाने विचारलं. "व्हायची वाट बघायची का?" नाना म्हणाले.

हा कप्पा राहत्या भागापासून पूर्ण बंद असतो. त्याचं झाकण बाहेरून उघडतं आणि तळाला भोकं ठेवलेली असतात. कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि तळाशी साचतो. त्याला निसटायला वाट म्हणून ती भोकं. लोक तिथे पायपुसणं अंथरतात, ओले बूट ठेवतात, कोळी जाळी विणतात. नाना रोज सकाळी गुडघे टेकून माईंच्या विणायच्या प्लास्टिकच्या सुईने एकेक भोक मोकळं करतात. नंतर सिलिंडर ताणकाट्याला लटकवून वजन घेतात आणि वहीत लिहितात. मग जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघत बसतात. बुडबुडा येत नाही. नानांच्या चेहऱ्यावर समाधान आणि किंचित निराशा अशी दोन्ही दिसतात.

या कप्प्यात एकच उणीव होती. आत अंधार. आणि नानांचा सिद्धान्त असा, की गॅस संपतो तो रात्री, पावसात आणि भाजी अर्धकच्ची असताना. त्या वेळी अंधारात चाचपडत जोड सोडवायचा म्हणजे आणखी एक घोटाळा, कारण प्रोपेनच्या जोडाचे आटे डावे. घड्याळाच्या उलट फिरवला की आवळतो. उजेड हवाच. पण दिवा म्हणजे वीज, वीज म्हणजे बटण आणि बटण म्हणजे ठिणगी.

त्या हिवाळ्यात नानांकडे कुणीही गेलं, तरी दुसरा विषय निघाला नाही. बारा व्होल्टचा एलईडी? चालेल, पण त्याचं बटण कप्प्यात असेल तर दाबताना आणि सोडताना संपर्कबिंदूंपाशी ठिणगी पडू शकते. हवेत प्रोपेन साधारण दोन ते दहा टक्के असला की त्याला तेवढीही पुरते. बाजारात मिळतो तो चिकटवायचा, बॅटरीवरचा, थाप मारली की लागणारा दिवा? तो नातवाने आणून दिला होता. नानांनी तो उघडून आतलं बटण त्याला भिंगाखाली दाखवलं. नातू पुन्हा काही आणून देईना. तेलशुद्धीकरण कारखान्यात वापरतात तसा, स्फोटक वायूतही चालेल असा प्रमाणित दिवा? नानांचे डोळे लकाकले. माईंनी किंमत वाचली आणि ते पान मिटून ठेवलं.

शेवटी वाट दाखवली हम्फ्री डेव्हीने. १८१२ साली फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं गेली. त्यानंतर तीन वर्षांनी डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी गुंडाळली. जाळी उष्णता शोषून घेते, म्हणून आतली ज्योत बाहेरचा वायू पेटवत नाही. पेटंटही त्याने घेतलं नाही. हे सांगताना नानांचा गळा दाटतो. पण डेव्हीला दिवा वायूतच न्यावा लागत होता. "आपल्याला दिवा कुठे न्यायचाय? उजेड न्यायचाय!" नाना म्हणाले आणि प्रश्न सुटला. कप्प्याबाहेर, डोक्याच्याही वर, एका दांडीवर पाणी न शिरणारा बंद दिवा. बटण कॅरव्हानच्या आत. फ्यूज बॅटरीला लागून. झाकण उघडायच्या आधी दिवा लावायचा, झाकण मिटल्यावर मालवायचा. व्यवस्था खरोखर निर्दोष होती.

ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी रात्री तिचं चीज झालं. शेजारच्या कॅरव्हानमधल्या तरुण जोडप्याचा गॅस संपला. तो मुलगा तोंडात पेटलेली सिगरेट धरून कप्प्याचं झाकण उचलतोय, हे नानांनी खिडकीतून पाहिलं. या वयात माणूस इतका पळू शकतो, हे माईंना त्या रात्री कळलं. सिगरेट डबक्यात गेली. नानांनी दांडी उपटून आणली आणि त्यांच्या कप्प्यासमोर रोवली. माईंना आतून बटण दाबायला सांगितलं आणि शिकवणी सुरू केली. आधी रिकाम्या सिलिंडरची तोटी बंद. मग डावे आटे. मग नवा सिलिंडर, उभाच, आडवा कधी नाही. मग साबणाचं पाणी. मधल्या वेळात फेलिंग, डेव्ही आणि पेटंट. त्या मुलाची बायको छत्री धरून उभी होती. तिने डेव्हीपर्यंत ऐकलं आणि आत जाऊन कोरडा पाव खाल्ला.

शेगडी पेटली तेव्हा मुलगा मनापासून म्हणाला, "तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे. आमचा सिलिंडर नेहमी भलत्या वेळी संपतो. तुमचा किती दिवस पुरतो?"

नानांनी खिशातून वही काढली आणि दिव्याखाली धरली. "दोन वर्षं झाली. हे बघा, पहिल्या दिवसाचं वजन. हे आज सकाळचं."

मुलाने दोन्ही आकडे वाचले. परत वाचले. "दोन्ही सारखेच आहेत! तुम्ही स्वयंपाक कशावर करता?"

"विजेच्या शेगडीवर," दारातून माई म्हणाल्या. "हुकअप असतो ना. गॅस पेटवू कुठे देतात हे!"

नानांनी वही मिटली. पावसाचा थेंब लागला होता, तो बाहीने टिपला.

"गळती शून्य," ते म्हणाले.