घड्याळाची पैसेवारी

धावण्याचं जीपीएस घड्याळ घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार त्याचे पस्तीस गुण सांगतो. ते झोप मोजतं, श्वास मोजतं, जिने मोजतं, मनावरचा ताणसुद्धा मोजतं. वेळ दाखवतं हे मात्र तो सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. गंमत अशी की डोळे मिटून विश्वास ठेवावा असा गुण तेवढा एकच आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपल्याला अंतर सांगतच नाहीत. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्याकडे आत्ता इतके वाजले’ एवढंच ते अखंड ओरडत असतात. तो निरोप मनगटापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो, आणि निदान चार उपग्रहांच्या निरोपांतल्या फरकावरून आपण यवतमाळच्या आर्णी रोडला कुठे आहोत हे घड्याळ ताडतं. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे जमिनीवर एका फुटाची चूक. वरच्या अणुघड्याळांना आइन्स्टाइनच्या सापेक्षतेपायी रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळायची खोड आहे. ती आधीच मोडून ठेवली नसती तर हिशेब दिवसाला दहा-अकरा किलोमीटरने घसरला असता, आणि आज आर्णी रोडला उभा असलेला माणूस उद्या, जागचा न हलता, कुणाच्या तरी तुरीत सापडला असता. तेव्हा वेळेच्या बाबतीत या यंत्रापुढे हात जोडावेत. माझी तक्रार पुढची आहे. वेळेपासून जितकं लांब जावं तितकं घड्याळ मोजणं सोडून अंदाज बांधू लागतं, आणि दुकानात पैसे मात्र त्या अंदाजांचेच लागतात.

पहिला अंदाज अंतराचा. मोकळ्या आभाळाखालीही घड्याळाचा ठिपका खऱ्या जागेपासून चार-पाच मीटर इकडेतिकडे पडतो. सरळ रस्त्यावर असे ठिपके जोडले की रेघ नागमोडी होते आणि लांब भरते. वळणावर उलटं होतं, तिथे घड्याळ कोपरे कापून अंतर खातं. मॅरेथॉनवाल्यांची आयोजकांशी भांडणं होतात ती यातूनच. ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग सर्वांत आखूड रेषेवरून, सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावून मोजतात आणि कमी भरू नये म्हणून वर हजारी एक, म्हणजे ४२ मीटर, जास्तीचे टाकतात. धावणारा कधी पाण्याच्या टेबलाकडे झुकतो, कधी फोटोवाल्याकडे. शेवटी घड्याळात ४२.७ दिसतात आणि आपल्याला अर्धा किलोमीटर फुकट पळवलं असं तो चारचौघांत शपथेवर सांगतो. यवतमाळात हा वाद फारसा रंगत नाही, कारण पहाटे नेहरू स्टेडियमवर नाहीतर पोस्टल ग्राउंडवर जे धावतात त्यांत मॅरेथॉनवाले थोडे आणि भरतीची पोरं फार. त्यांचं अंतर ठरलेलं असतं: पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलगा १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आला तर २० पैकी २० गुण, पुढे टप्प्याटप्प्याने गळती. घड्याळाने शेकडा एक इतकं अंतर जास्त दाखवलं तर १६ मीटर झाले, आणि त्या वेगाला १६ मीटर म्हणजे तीन सेकंद. मनगटावर ५:०८ पाहून पेढे वाटायला निघालेलं पोरगं प्रत्यक्षात ५:११ चं असतं, आणि मेरिट तर एकेका गुणाला अडतं. मैदानावर जीपीएस बंद ठेवून नुसतं स्टॉपवॉच लावावं हेच शहाणपण. चारशे मीटरच्या ट्रॅकवर आठव्या लेनमधून फेरी मारली तर पन्नासहून जास्त मीटर वाढतात, हे कळायला चुन्याच्या रेघा पुरतात, उपग्रह लागत नाही.

‘महागाचं घ्या, मग अचूक मिळेल,’ असं यावर उत्तर येतं. महागड्या घड्याळांत उपग्रहाच्या दोन-दोन फ्रिक्वेन्सी पकडायची सोय असते आणि ती खरोखर कामाची आहे, पण मुंबईत लोअर परळला, जिथे लहरी काचेच्या टॉवरांवर आपटून उशिरा पोचतात आणि घड्याळाला वाटतं आपण समुद्रात आहोत. आमच्याकडे लहर आपटून आपटून कशावर आपटणार, पऱ्हाटीवर? एवढं मोकळं आभाळ फुकट मिळालेल्या जिल्ह्याने त्यासाठी पंधरा-वीस हजार जास्त मोजावेत हे मला पटत नाही. फार तर सागवानाच्या जंगलातल्या रस्त्यावर पावसाळ्यात ओली पानं सिग्नल अडवतील. मे महिन्यात सागाला पानंच नसतात, तेव्हा घड्याळ अगदी बिनचूक चालेल, फक्त पंचेचाळीस अंशांत धावणारा माणूस आणायचा कुठून हा प्रश्न उरतो.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: चुकतं ना, पण रोज सारखंच चुकतं, मग कालच्याशी तुलना करायला काय हरकत? हे मी अर्धं मान्य करतो. तोच रस्ता, तेच घड्याळ आणि महिनाभराची सरासरी असेल तर अंतराची चूक बरीचशी आपोआप वजा होते. नाडीची होत नाही. घड्याळाच्या पोटाखालचा हिरवा दिवा कातडीवर पडतो, रक्त तो प्रकाश शोषतं आणि त्याच्या कमीजास्त होण्यावरून ठोके काढले जातात. पट्टा सैल असला की मनगटाचे धक्केच ठोके म्हणून मोजले जातात. मिनिटाला १७५ पावलं टाकणाऱ्याची नाडी मग १७५ दिसते, खरी असते १४०. डिसेंबरच्या पहाटे हात गारठलेले असतात, तेव्हा पहिली दहा मिनिटं आकडा वाटेल तिथे भटकतो. शाईही तो प्रकाश गिळते, त्यामुळे आमच्याकडच्या गोंड, कोलाम, बंजारा आज्यांच्या गोंदलेल्या हातांवर हे घड्याळ बांधलं तर ते बावचळून जाईल. ही चूक रोज वेगळ्या दिशेने जाते आणि तिची सरासरी काढून हाती काही लागत नाही. ठोके खरंच हवे असतील तर छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाची वीजच मोजतो.

त्यापुढचे आकडे, म्हणजे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते), रिकव्हरी, ट्रेनिंग स्टेटस, यांना मी पैसेवारी म्हणतो. यवतमाळच्या माणसाला पिकाचा हा सरकारी अंदाज समजावून सांगायला नको. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम, आणि पन्नास पैशांच्या वर गेली की शेतात काहीही असो, कागदावर पीक बरं. खरा व्हीओटू मॅक्स काढायचा तर तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर दम निघेस्तोवर पळवतात आणि श्वासातली हवा तपासतात. घड्याळ वेग आणि नाडी यांवरून तो अंदाजतं, म्हणजे आधीच्या दोन चुकांची बेरीज करून. त्यात नाडीची कमाल मर्यादा आपण भरली नाही तर बहुधा ‘२२० वजा वय’ या सूत्राने धरली जाते, जे माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. निदान पैसेवारीसाठी पीक कापणी प्रयोग तरी होतो. एप्रिलमध्ये उकाड्याने त्याच वेगाला नाडी चढते आणि घड्याळ जाहीर करतं की तुमची तब्येत ढासळली. गार्मिनच्या वरच्या घड्याळांत उष्णतेची सूट आहे, ती २२ अंशांपासून सुरू होते. २२ अंशांना आमच्याकडे लोक स्वेटर शोधतात. हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या घड्याळाचंही तेच: मृगाच्या आधी दाब तीन हेक्टोपास्कलने उतरला की सगळं यवतमाळ पंचवीस मीटर वर चढतं. आणि ‘३६ तास विश्रांती घ्या’ हा हुकूम ज्याच्या घरी सकाळी डवरणी आहे त्याने कुणाला दाखवावा?

यावर दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, मग घड्याळच कशाला? शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन मारली, तो राष्ट्रीय विक्रम कित्येक दशकं कुणाला मोडता आला नाही, आणि जीपीएसचा पहिला उपग्रह वर गेला तोही १९७८ सालीच. दाखला खरा आहे, निष्कर्ष कच्चा. त्या काळीही धावपटूंच्या वस्तादाकडे स्टॉपवॉच होतं आणि मोजलेला ट्रॅक होता. मोजमाप त्यांना वर्ज्य नव्हतं, त्यांच्याकडे फक्त पैसेवारी नव्हती. म्हणून घड्याळ घ्यावं, पण खालच्या किमतीचं घ्यावं आणि तीन गोष्टी पाहाव्यात. लॅपचं बटण खरंखुरं, दाबता येणारं असावं, कारण घामेजल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. पडदा दुकानातल्या ट्यूबखाली न पाहता दारात येऊन उन्हात पाहावा. पट्टा घट्ट बसावा. मग धावताना क्षणोक्षणी उड्या मारणारा वेग न पाहता दर किलोमीटरचा पाहावा. एवढं कमी पैशांतही भागतं. उरलेल्या पैशांत बुटांचे दोन जोड येतात, त्यांतला एक भरतीचं कुणीतरी पोरगं आठवडाभरात मागून नेतंच.